पऱ्हाटी कोण वाढवतो?



काही वर्षांपूर्वी फवारणीच्या दिवसांत मी एका घरी दफनविधीसाठी गेलो होतो. घरचा कर्ता मुलगा पऱ्हाटीवर औषध मारता मारता शेतातच कोसळला होता. दवाखान्यात नेले, पण उशीर झाला होता. दफनभूमीतून परतल्यावर आम्ही अंगणात बसलो. त्याची म्हातारी आई मला म्हणाली, “माह्या लेकाले देवानं नेलं, फादर. त्याची मर्जी.” शेजारी तिचा नातू उभा होता, कॉलेजात शिकणारा. तो ताडकन म्हणाला, “देवानं नाही नेलं आजी, औषधानं नेलं.”

अंगणात एकदम शांतता पसरली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी प्रार्थना सुरू केली आणि वेळ निभावून नेली. खरे सांगायचे तर त्या दोघांना देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ त्या क्षणी नव्हते. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, याच प्रश्नावर परीक्षेत पानेच्या पाने लिहिली. पण त्या अंगणात त्यातले एक वाक्यही कामी आले नाही. राहिलेले ते उत्तर आज या लेखात देण्याचा प्रयत्न करीत आहे. लेख थोडा मोठा आहे. घरी नेऊन सावकाश वाचावा ही विनंती.

प्रश्न नेमका काय आहे?

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वजण शिकलो की जग देवाने निर्माण केले आणि तोच ते सांभाळतो. त्याच्याशिवाय काहीही क्षणभरसुद्धा टिकू शकत नाही. दुसरीकडे आपण रोज डोळ्यांनी पाहतो की सरकी टोबली, पाऊस आला, ओल झाली, की कोंब वर येतो. पाऊस आला नाही तर दुबार पेरणी. म्हणजे कोंब येण्याचे कारण ओल आणि बियाणे. मग देव कुठे आला? आणि देवच सर्व करीत असेल, तर ओल आणि बियाणे नेमके काय करतात?

याला तीन प्रकारची उत्तरे देता येतात. पहिले, सर्व काही देवच करतो, वस्तू काहीच करीत नाहीत. दुसरे, देवाने सुरुवात करून दिली आणि तो बाजूला झाला. आता सर्व आपोआप चालते. तिसरे, देवही करतो आणि वस्तूही करतात. तिसरे उत्तर ऐकायला सोपे आहे, पण ते कसे शक्य आहे हे सांगणे फार अवघड आहे. सतराव्या शतकात युरोपातल्या काही मोठ्या विचारवंतांनी यावर आपली सारी बुद्धी पणाला लावली. ते सर्व देवाला मानणारे होते, पण प्रत्येकाची वाट वेगळी होती. त्यांच्या चुकांपासूनसुद्धा आपल्याला शिकता येते.

हे शतक आपल्यापासून अगदीच परके नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. जगाची उत्पत्ती आणि प्रभू येशूचे चरित्र त्यांनी आपल्या मराठीत ओवीबद्ध केले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये रने देकार्त नावाचा तरुण वीस वर्षांचा होता. आपल्या गोष्टीची सुरुवात त्याच्यापासून होते.

देकार्त : क्षणाक्षणाला नवी निर्मिती

देकार्त (१५९६–१६५०) हे गणिती होते. त्यांनी जड वस्तूची नवी व्याख्या केली. वस्तू म्हणजे लांबी, रुंदी, उंची असलेली जागा व्यापणारी गोष्ट. त्यापलीकडे तिच्या आत कोणतीही गुप्त शक्ती नाही. दगडात पडण्याची ओढ नाही, बीजात वाढण्याची इच्छा नाही. मग गती आली कुठून? देकार्तांचे उत्तर असे की ती देवाने घातली आणि तिचे एकूण प्रमाण देवच कायम राखतो.

१६४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘चिंतने’ या ग्रंथात त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. मी आत्ता आहे, म्हणून पुढच्या क्षणीही असेनच असे नाही. मला पुढच्या क्षणी टिकवून ठेवायला तेवढीच शक्ती लागते, जेवढी मला शून्यातून निर्माण करायला लागेल. म्हणजे सांभाळणे आणि निर्माण करणे ही देवाच्या बाबतीत दोन वेगळी कामे नाहीत.

विचार सुंदर आहे. विहीर एकदा खोदली की खोदणारा निघून गेला तरी ती राहते. सृष्टीचे तसे नाही. दिवा विझला की प्रकाश जातो, तसे काहीसे आहे. पण इथेच पेच निर्माण होतो. देव प्रत्येक क्षणी प्रत्येक वस्तू, ती जिथे आहे तिथे, जशी आहे तशी नव्याने निर्माण करीत असेल, तर एका वस्तूने दुसरीवर परिणाम करायला जागाच कुठे उरते?

फादर मालब्रांश : फक्त देवच करतो

हा पेच एका कॅथलिक धर्मगुरूने शेवटपर्यंत ताणला. फादर निकोलस मालब्रांश (१६३८–१७१५) हे पॅरिसमधील ओरेटरी संघाचे. १६६४ साली त्यांच्या हाती देकार्तांचे एक पुस्तक पडले. ते वाचताना त्यांची छाती इतकी धडधडू लागली की मधून मधून पुस्तक मिटून ठेवावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. पुढे १६७४–७५ मध्ये ‘सत्याचा शोध’ हा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला.

त्यांचे म्हणणे असे. खरे कारण कशाला म्हणायचे? ज्याच्यामागून कार्य यायलाच हवे, येणार नाही असे होऊच शकत नाही, ते खरे कारण. असा अटळ संबंध फक्त एकाच ठिकाणी आहे : सर्वसमर्थ देवाची इच्छा आणि तिचे फळ. बाकी सर्व ठिकाणी एकामागून दुसरे येताना आपण पाहतो, एवढेच. मी हात उचलतो असे मी म्हणतो; पण कोणत्या नसा, कोणते स्नायू कसे हलवायचे हे मला कुठे ठाऊक आहे? जे कसे करायचे हेच मला ठाऊक नाही, ते मी करतो असे कसे म्हणता येईल? मी इच्छा करतो, आणि त्या निमित्ताने देव हात उचलतो. वस्तू आणि माणसे ही केवळ निमित्ते. कर्ता एकटा देव.

मुस्लिम विचारवंत अल गझाली (मृत्यू ११११) यांनीही असेच म्हटले होते आणि त्यांनी दिलेले उदाहरण आपल्या ओळखीचे आहे : कापूस आणि आग. आग लागली की कापूस जळतो. पण आगीने जाळला हे कोणी पाहिले? आपण दोन गोष्टी एकत्र पाहिल्या, इतकेच. जाळणारा देव.

मालब्रांश यांच्या मनात यामागे खरी भक्ती होती. पहिली आज्ञा त्यांनी फार गंभीरपणे घेतली. सूर्य उष्णता देतो, पैसा सुख देतो, अमुक माणूस मला तारतो असे मानले की आपण त्यांच्यापुढे वाकू लागतो. भय आणि प्रीती देवाऐवजी त्यांना देऊ लागतो. ही मूर्तिपूजाच, असे ते म्हणत. सावकाराच्या ओट्यावर किंवा नेत्याच्या दारात आपण कसे उभे राहतो हे आठवले, तर त्यांचा मुद्दा लगेच पटतो.

मग पाऊस वेळेवर का येत नाही? तो समुद्रावर पडतो, वाळवंटात पडतो आणि पेरलेल्या शेतावर पडत नाही, असे का? हा प्रश्न त्यांनीच उभा केला. त्यांचे उत्तर असे की देव प्रत्येक शेतासाठी वेगळी इच्छा करीत नाही. तो थोड्या आणि साध्या नियमांनी सारे जग चालवतो. त्या नियमांत कधी पाऊस समुद्रावर पडतो. यावरून त्या काळी मोठे वाद झाले.

आता त्या अंगणात परत चला. आजी जे म्हणाली ते जवळजवळ मालब्रांश यांचेच म्हणणे आहे. औषध फक्त निमित्त, नेणारा देव. तिच्या श्रद्धेला माझा नमस्कार आहे. पण हे म्हणणे पूर्ण खरे मानले, तर नातवाचा राग निराधार ठरतो. औषध कोणी विकले, कोणती दोन औषधे कोणी एकत्र मिसळली, हातमोजे आणि मास्क का नव्हते, हे सर्व प्रश्नच फिजूल ठरतात. ते आपल्याला मान्य आहे का?

स्पिनोझा : देवाबाहेर काहीच नाही

बारूख स्पिनोझा (१६३२–१६७७) यांचा जन्म ॲमस्टरडॅममध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे पूर्वज पोर्तुगालमधील इन्क्विझिशनच्या छळामुळे देश सोडून आलेले होते. हेच इन्क्विझिशन १५६० साली गोव्यातही आले. ख्रिस्ताच्या नावाने झालेला तो अन्याय आपण विसरू नये. पुढे स्वतःच्या समाजानेही २७ जुलै १६५६ रोजी स्पिनोझांना बहिष्कृत केले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. चष्म्याची आणि दुर्बिणीची भिंगे घासत ते साधेपणाने जगले. त्यांचा मुख्य ग्रंथ ‘नीतिशास्त्र’ मृत्यूनंतर १६७७ मध्ये निघाला. त्याची मांडणी भूमितीच्या पुस्तकासारखी आहे : व्याख्या, गृहीतके, मग एकेक सिद्धान्त.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. स्वतःच्या बळावर असणारे द्रव्य एकच आहे, तोच देव, तोच निसर्ग. आपण, झाडे, दगड ही त्या एका द्रव्याची रूपे. लाटा जशा पाण्याच्या. देव जगाचे कारण आहे, पण कुंभार मडक्याचे कारण असतो तसे नाही. कुंभार मडक्याबाहेर असतो. स्पिनोझांचा देव जगाच्या आतच आहे. त्रिकोण आहे म्हटल्यावर त्याच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन होणारच, तसे देवापासून सर्व काही अटळपणे निघते. त्यात निवड नाही, हेतू नाही, दयामाया नाही.

पण त्यांच्या पुस्तकातच एक मोठी अडचण उभी राहते. अनंतापासून जे निघते ते अनंत आणि सर्वकाळ टिकणारेच असते, असे ते सिद्ध करतात. मग हे एक बोंड, जे दिवाळीच्या सुमारास फुटते आणि वेचणीनंतर उरत नाही, ते कुठून आले? त्यांचे उत्तर असे : कोणतीही मर्यादित वस्तू दुसऱ्या मर्यादित वस्तूमुळे होते, ती तिसरीमुळे, आणि ही साखळी कधीच संपत नाही. हे बोंड त्या फुलामुळे, ते फूल त्या पऱ्हाटीमुळे, ती त्या सरकीमुळे, ती आणखी मागच्या पऱ्हाटीमुळे, असे मागे मागे. साखळीच्या पहिल्या टोकाला देव बसलेला नाही, कारण पहिले टोकच नाही. देव म्हणजे ती सारी साखळी आणि ती ज्या नियमांनी चालते ते नियम. प्रत्येक कडीत तोच त्या त्या मर्यादित रूपाने काम करतो.

नीट पाहिले तर प्रश्न सुटलेला नाही. प्रत्येक कडीचे कारण मागची कडी, हे ठीक. पण कड्या मुळात आहेतच का? अनंतातून मर्यादित असे काही निघालेच कसे? स्पिनोझांचे एक हुशार मित्र चिर्नहाउस यांनी पत्र लिहून याच्याशी मिळताजुळता प्रश्न विचारला होता : केवळ विस्तारापासून इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू कशा सिद्ध करता येतात? स्पिनोझांनी १६७६ मध्ये प्रामाणिकपणे कळवले की या विषयाची नीट मांडणी अजून झालेली नाही, आयुष्य राहिले तर कधी बोलू. पुढच्या फेब्रुवारीत ते वारले.

स्पिनोझांकडून एक गोष्ट मात्र आपण घ्यावी. ते एक उदाहरण देतात. छपरावरून दगड पडून एक माणूस मेला. तो त्याच वेळी तिथून का जात होता? वारा का सुटला? असे विचारत विचारत लोक शेवटी देवाच्या इच्छेपाशी येऊन थांबतात, आणि ती इच्छा म्हणजे आपल्या अज्ञानाचा आसरा ठरते. हा टोला आपल्याला लागला पाहिजे. ‘देवाची मर्जी’ हे शब्द आपण पुष्कळदा श्रद्धेने नव्हे, तर पुढे विचार करायचा कंटाळा म्हणून वापरतो.

आपल्याकडचे दोन प्रवाह

या प्रश्नावर आपल्या मातीतही खोल विचार झाला आहे. ज्ञानेश्वरांनी ‘अनुभवामृता’त जग हा एकाच चैतन्याचा विलास मानला. ते वाचताना काहींना स्पिनोझा आठवतात. पण ज्ञानेश्वरांच्या ठायी भक्तीचा ओलावा आहे, भूमितीची अटळता नाही. दुसरीकडे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे ज्यांचे मोठे तीर्थ, त्या महानुभाव पंथाचे श्रीचक्रधर. त्यांनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ एकमेकांपासून वेगळे आणि अनादी मानले. देव आणि जग एक नव्हे, हे आपणही म्हणतो. पण जग अनादी नसून देवाने ते शून्यातून निर्माण केले, ही आपली श्रद्धा आहे. शेजाऱ्यांच्या विचाराची अशी ओळख असली की बोलताना आदरही राहतो आणि स्वतःचे म्हणणेही स्पष्ट होते.

लायब्निझ : नदी आणि नाव

जर्मनीचे लायब्निझ (१६४६–१७१६) यांनी १६७६ मध्ये स्पिनोझांची भेट घेतली होती, आणि मालब्रांश यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. दोघांचे ऐकून त्यांनी १६९८ साली एक मुद्दा मांडला, तो मला या साऱ्या विषयाची किल्ली वाटतो. वस्तूंना स्वतःची काहीच शक्ती नाही असे मालब्रांशप्रमाणे म्हटले, तर मग त्या वस्तू उरतात तरी काय? जे काहीच करीत नाही, ते वेगळे अस्तित्व कसे? त्या केवळ देवाच्या छटा ठरतील. म्हणजे आपण थेट स्पिनोझांच्या दारात जाऊन पोहोचू. देवाचा गौरव वाढवण्यासाठी सृष्टीचे सर्व कर्तृत्व काढून घेतले, की शेवटी सृष्टीच नाहीशी होते. मग ज्याची निर्माता म्हणून स्तुती करायची, त्याने निर्माण केले तरी काय?

म्हणून लायब्निझ म्हणतात की देवाने प्रत्येक वस्तूच्या आत तिचे स्वतःचे बळ घातले आहे. देव ते बळ टिकवतो, त्याच्या कामात साथ देतो. पण काम तिचेच असते. मग वाईट कुठून येते? १७१० सालच्या ग्रंथात त्यांनी नदी आणि नावेचे उदाहरण दिले. आपण आपली पैनगंगा डोळ्यांपुढे आणू. सारख्याच दोन नावा प्रवाहाबरोबर चालल्या आहेत. एक हलकी, एक मालाने लादलेली. लादलेली मागे पडते. तिला पुढे नेतो तो प्रवाहच; पण तिचा संथपणा प्रवाहाने दिलेला नाही, तो तिच्या ओझ्याचा. तसे आपल्यात जे चांगले, जे बळ, ते देवाकडून. आणि जे उणे, जे चुकीचे, ते आपल्या मर्यादेतून.

लायब्निझ याच्याही पुढे गेले आणि म्हणाले की शक्य असलेल्या सर्व जगांत देवाने सर्वांत उत्तम हेच जग निवडले आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. हजारो माणसे मेली, त्यांतली कित्येक चर्चमध्ये मिस्साला बसलेली. त्यानंतर व्हॉल्तेअरने या ‘सर्वोत्तम जगा’ची कठोर थट्टा केली. मीही ते वाक्य त्या अंगणात उच्चारू शकलो नसतो. विधवेपुढे कोणी असा हिशेब मांडू नये.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

देकार्त, मालब्रांश, स्पिनोझा या तिघांची पुस्तके एकेकाळी ख्रिस्तसभेच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत होती. ती यादी १९६६ साली बंद झाली. आज आपण ही पुस्तके मोकळेपणाने वाचतो आणि आपली शिकवण त्यांच्याशी ताडून पाहतो.

ती शिकवण तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मांडली. देव हे पहिले कारण आणि सृष्ट वस्तू ही दुय्यम कारणे. दुय्यम म्हणजे खोटी नव्हेत. खरीखुरी, पण उसन्या बळाची. संत थॉमस म्हणतात की वस्तूंचे कर्तृत्व कमी करणे म्हणजे देवाचेच सामर्थ्य कमी लेखणे. जो गुरू स्वतःच सर्व उत्तरे फळ्यावर लिहितो तो मोठा, की ज्याचे विद्यार्थी स्वतः उत्तरे काढू लागतात तो?

इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. देव आणि वस्तू मिळून काम करतात म्हटले की आपल्यासमोर बैलजोडी येते : अर्धा भार याचा, अर्धा त्याचा. एकाने जास्त ओढले की दुसऱ्याला कमी. पण देव आपल्या शेजारी जुंपलेला दुसरा बैल नाही. पेनाने चिठ्ठी लिहिताना अर्धी अक्षरे हाताची आणि अर्धी पेनाची असे नसते. सगळी चिठ्ठी हाताची आणि सगळी पेनाचीही; पातळी वेगळी. तसे कोंब संपूर्ण देवाचे काम आणि संपूर्ण बीजाचेही काम. म्हणून विज्ञानाला एखादे नवे कारण सापडले की देवाची जागा कमी झाली, असे होत नाही. पेनाची शाई कशी उतरते हे समजले म्हणून लिहिणारा नाहीसा होत नाही. अर्थात माणूस पेन नव्हे. तो जाणतो, निवडतो, नाकारूही शकतो. त्याचे हे स्वातंत्र्यसुद्धा देवाचेच दान आहे.

पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० साली स्पष्ट केले की देव जगापासून वेगळा आहे आणि त्याने जग मोकळ्या इच्छेने निर्माण केले, कोणत्याही सक्तीने नव्हे. स्पिनोझांशी आपला मुख्य मतभेद इथे आहे. १९९२ च्या ‘कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथा’त (परिच्छेद ३०६ ते ३०८) सांगितले आहे की देवाने प्राण्यांना केवळ अस्तित्वच नव्हे, तर स्वतः कारण होण्याची प्रतिष्ठाही दिली आहे. ‘प्रतिष्ठा’ हा शब्द लक्षात ठेवा.

पवित्र शास्त्रातही हेच दिसते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू सांगतो की शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो. जमीन आपणहून पीक देते, कसे ते त्याला कळत नाही. तिथे जमिनीला स्वतःचे काम आहे. संत पौल करिंथकरांना लिहितो की एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली. लावणाऱ्याचे काम तो नाकारत नाही, आणि वाढीचे श्रेयही लावणाऱ्याला देत नाही. आणि लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचे प्रभू सांगतो. स्पिनोझांचा तो छपरावरचा दगडच जणू. ते अठरा जण इतरांपेक्षा अधिक पापी होते का? नाही, असे प्रभू ठामपणे म्हणतो. संकट म्हणजे देवाने मोजून दिलेली शिक्षा, हा हिशेब तो मोडून काढतो आणि ऐकणाऱ्यांना स्वतःचे जीवन बदलायला सांगतो.

पुन्हा त्या अंगणात

२०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. राज्य सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, औषध वरून तोंडावर येत होते. वेगवेगळी औषधे एकत्र मिसळली जात होती. अंगावर संरक्षक कपडे नव्हते. ही सर्व कारणे होती. खरी कारणे. त्यातले एकही ‘देवाची मर्जी’ नव्हते.

म्हणून आज मी त्या नातवाला सांगेन : बाळा, तू चूक नव्हतास. विषाने माणूस मरतो हे विषाचे खरे काम आहे, आणि त्यामागे माणसांचा निष्काळजीपणा किंवा लोभ असेल, तर तो त्यांचा खरा अपराध आहे. देवाचे नाव घेऊन तो झाकू नये. नावेचे ओझे प्रवाहावर ढकलू नये. पण तुझ्या वाक्याने सर्व सांगून झाले असेही समजू नकोस. ज्या बळाने तुझे वडील सकाळी उठून शेतात गेले, ज्या प्रेमाने त्यांनी तुला शिकवले, ते बळ आणि ते प्रेम शेवटच्या श्वासापर्यंत देव टिकवून धरीत होता. विषाला त्यांचा देह मिळाला. ते स्वतः मिळाले नाहीत.

आणि आजीला सांगेन : आई, ‘देवानं नेलं’ म्हणू नका, ‘देवानं जवळ घेतलं’ म्हणा. दोन्हींत फार फरक आहे. मारणारा तो नव्हे. मेलेल्याला हाती घेणारा तो आहे, कारण त्याचा स्वतःचा पुत्र माणसांच्या हातून मारला गेला, आणि त्याने त्याला मरणातून उठवले. क्रुसावर खिळे ठोकणारे हात माणसांचे होते. तरीही देवाने त्यातून तारण घडवले. खिळे ठोकण्याचा दोष मात्र देवावर गेला नाही.

मग आपण काय करायचे? पावसासाठी प्रार्थना करायची आणि बांधबंदिस्तीही करायची. औषधाच्या डब्यावरची सूचना वाचायची, वाऱ्याच्या दिशेने फवारायचे, उपाशीपोटी फवारायचे नाही, डोळे चुरचुरले वा चक्कर आली तर लगेच थांबायचे आणि दवाखाना गाठायचा. जाताना औषधाचा डबा सोबत न्यायचा, म्हणजे डॉक्टरांना विष कोणते ते कळेल. मजुराला फवारणीला लावणाऱ्याने त्याला हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे दिलेच पाहिजेत. ही केवळ शेतीखात्याची सूचना नाही. देवाने आपल्याला कारण होण्याची प्रतिष्ठा दिली आहे; कुणाच्या जीवनाचे कारण व्हायचे की मरणाचे, हे त्या हातमोज्यांच्या जोडीत ठरू शकते.

समूहात चर्चेसाठी :

१. ‘देवाची मर्जी’ हे शब्द मी गेल्या वर्षभरात केव्हा वापरले? श्रद्धेने, की पुढचा विचार टाळण्यासाठी?

२. देवाला द्यायचे भय आणि प्रीती मी आज कोणाला किंवा कशाला देत आहे?

३. आपल्या वस्तीत टाळता येण्यासारखे असे कोणते दुःख आहे, ज्याचे कारण आपणच आहोत? ते दूर करण्याचे कारणही आपण कसे होऊ शकतो?

प्रार्थना : हे प्रभो, तूच आम्हाला धरून ठेवतोस म्हणून आम्ही आहोत. तू आमच्या हातांना खरे बळ दिलेस. ते बळ आम्ही कुणाच्या घाताला नव्हे, तर जगवण्याला लावावे. शेतात कष्ट करणाऱ्यांना सांभाळ, आणि जे शेतातून घरी परतले नाहीत त्यांना तुझ्याजवळ घे. आमेन.

आपला,
धर्मगुरू